प्रेक्षणीय स्थळें आणि राजकोश

११ जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनांत 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नांवाखालीं बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादींत झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा किल्ले महाराष्ट्रांतील असून बारावा, जिंजी, तामिळनाडूंत आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस ही गोष्ट समाधानाची वाटावी यांत नवल नाहीं. परंतु अशी नोंद झाली कीं तिच्यामागोमाग एक युक्तिवाद ठरल्याप्रमाणें येतो. तो असा: सरकारनें या स्थळांवर पैसा खर्च करावा, तेणेंकरून प्रवासी येतील, खानावळी व मोटारी चालतील, पायथ्याच्या गांवांतील तरुणांस काम मिळेल, आणि घातलेला पैसा व्याजासह परत येईल. हा युक्तिवाद करणारे बहुधा किल्ल्यांचे चाहतेच असतात, शत्रु नव्हेत. म्हणूनच तो तपासून पाहणें अवश्य आहे. कारण ज्या कारणासाठीं पैसा मागावा, त्याच कारणाच्या कसोटीवर पुढें त्या वस्तूचा न्याय होतो.

हा प्रश्न अर्वाचीन आहे असा समज आहे, तो खरा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत, रिता झालेला कोश कसा भरावा हें सांगतांना, देवताध्यक्षानें रात्रींतून एखादें देवस्थान किंवा सिद्धांचें पुण्यस्थान उभें करावें आणि तेथें भरणाऱ्या यात्रा व उत्सव यांच्या उत्पन्नावर निर्वाह करावा, असा उपाय दिला आहे. भुयार असलेल्या विहिरींत अनेक मस्तकांचा नाग दाखवावा व पाहणाऱ्यांकडून सुवर्ण घ्यावें, असाही एक प्रकार तेथें आहे. प्रेक्षणीय वस्तु निर्माण करून द्रव्य उभें करण्याची कल्पना आचार्यांस चांगली ठाऊक होती हें यावरून दिसतें. मात्र ती त्यांनीं राज्यसमृद्धीच्या प्रकरणांत न घालतां अडचणींत सांपडलेल्या राजाच्या उपायांत घातली आहे, आणि तिच्या शेजारीं जे उपाय सांगितले आहेत ते वाचले म्हणजे ती कोणत्या पंक्तीस बसते हें कळतें.

त्याच ग्रंथाच्या चवथ्या अधिकरणांत दुर्भिक्षाचा विचार आहे. तेथें राजानें प्रजेस बीज व अन्न द्यावें, अथवा अन्न देऊन दुर्गांचीं व बंधाऱ्यांचीं कामें काढावीं, असें सांगितलें आहे. हा दुसरा उपाय पहिल्याहून सर्वस्वीं भिन्न आहे. पहिल्यांत वस्तु पाहावयास येणाऱ्याकडून द्रव्य येतें. दुसऱ्यांत वस्तु बांधणाऱ्यास द्रव्य जातें. आजच्या योजनांत या दोन गोष्टी एकाच वाक्यांत गुंफलेल्या असतात, आणि बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो.

बांधणाऱ्यास मिळणाऱ्या द्रव्याचा विचार आधीं करूं. लखनौचा बडा इमामबाडा नबाब आसफउद्दौला यानें १७८४ च्या सुमारास, उत्तर हिंदुस्थानांत मोठा दुष्काळ पडला असतां बांधविला. दिवसा मजुरांनीं चढविलेलें काम रात्रीं उतरवीत, आणि तोंड दाखविण्याची लाज वाटणारे खानदानी लोक अंधारांत त्या कामावर येत, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यांतलें तत्त्व खरें आहे. मजुरी देणें हाच हेतु असेल तर वास्तु पुरी झाली काय आणि अर्धी राहिली काय, हेतु साधतो. जॉन मेनार्ड केन्स यानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हेंच तत्त्व शास्त्राच्या भाषेंत मांडलें. मंदीच्या काळीं रिकाम्या हातांस काम देणारा खर्च, मग तो पिरॅमिडांवरचा कां असेना, देशाचें उत्पन्न वाढवूं शकतो. कारण एकाची मजुरी दुसऱ्याची विक्री होते, दुसऱ्याची विक्री तिसऱ्याची मजुरी होते, आणि ही सांखळी कांहीं अंतर चालते. हात रिकामे नसतील तर मात्र ती चालत नाहीं; मग सरकारच्या कामावर आलेला गवंडी दुसऱ्या कोणाच्या तरी कामावरून उठून आलेला असतो.

परंतु यावरून प्रेक्षणीय स्थळच बांधावें हें सिद्ध होत नाहीं. मजुरी कोणत्याही कामांतून देतां येते, आणि ज्या कामाचा पुढें उपयोग तें काम अधिक चांगलें, हा साधा विवेक उरतोच. महाराष्ट्रांत १९७२ च्या दुष्काळांत लाखों माणसें सरकारी कामांवर होतीं. त्या अनुभवांतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें, आणि तिच्यांत पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांस अग्रस्थान होतें. पाझर तलाव बांधणारा मजूर घरीं गेल्यावरही विहिरीस पाणी राहतें. प्रवेशद्वाराची कमान बांधणारा मजूर घरीं गेल्यावर कमान राहते.

आतां पाहावयास येणाऱ्यांच्या द्रव्याकडे वळूं. याविषयीं आमच्या मतें पुण्याच्या इतिहासासारखें दुसरें उदाहरण नाहीं. कारण एकाच नगरांत, एकाच राज्यकर्त्यांनीं, लोक आणण्याचे दोन निराळे मार्ग चालविले आणि दोहोंचा परिणाम आज आपणांस पाहतां येतो.

पहिला मार्ग श्रावणमासच्या दक्षिणेचा. ही चाल मूळ तळेगांवीं सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं घातली. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर ती पेशव्यांनीं आपल्याकडे घेतली. पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्याच्या आवारांत देशोदेशींचे ब्राह्मण दरसाल जमत आणि खर्चाचा आंकडा लाखांच्या घरांत जाई. या दक्षिणेचा हेतु धर्माचा व विद्येचा होता, व्यापाराचा नव्हता, हें खरें. तरीही अर्थशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर सरकारी तिजोरींतील रोख द्रव्यानें नगरांत एक मोठा समुदाय ठराविक काळीं ओढून आणण्याचा तो प्रकार होता. या द्रव्याचें पुढें काय होई? घेणारा परगांवचा, तो थोडे दिवस राही, शिधासामग्री घेई, आणि मिळालेला पैसा कनवटीस लावून आपल्या गांवीं जाई. नगराच्या वांट्यास महिनाभराची गर्दी येई. १८१८ सालीं राज्य गेलें आणि देणारा हात थांबला, तेव्हां रमण्याच्या भोंवतीं अशी कोणतीही पेठ उरली नाहीं कीं जी दक्षिणेवांचून आपल्या पायांवर उभी राहील.

दुसरा मार्ग पेठा वसविण्याचा. त्यांत तिजोरींतून रोख रक्कम फारशी बाहेर पडत नसे. सरकार एखाद्यास शेटेपण व महाजनकीचा हक्क देई, उदमी लोकांस कौल देई, आणि वस्ती जमेपर्यंत कांहीं वर्षें जकात व इतर बाबी माफ करी. मुदत भरल्यावर कर हळूहळू चढत्या प्रमाणानें घेतला जाई. पडीत जमिनीवर जो इस्तावा देत, त्याचाच हा नगरांतील भाऊ. आलेला माणूस येथें राहणारा असे, पाहून जाणारा नसे. तो घर बांधी, दुकान घाली, नात्यागोत्यांतील आणखी दोघांस बोलावी. राज्य बुडालें तरी सदाशिव, नारायण, भवानी, नाना या पेठा बुडाल्या नाहींत. सरकारचा त्याग दोन्हीकडे होता. एकीकडे रोख देण्याचा, दुसरीकडे न घेण्याचा. न घेतलेला कर हा बहुधा स्वस्त पडतो, कारण उदीम जमलाच नाहीं तर सरकारचें कांहीं जात नाहीं.

येथें एक गोष्ट आडवळणाची असली तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. इंग्रजांनीं दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिच्यांत मोठी काटछांट करून उरलेल्या रकमेंतून १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत पाठशाळा काढली. १८५१ पासून त्याच निधींतून मराठी ग्रंथांस बक्षिसें देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी चालली, आणि पुढें दक्षिणा फेलो नेमण्यांत येऊं लागले. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे दोघेही तसे फेलो होते. जें द्रव्य गर्दीवर खर्च होत असतां कांहीं मागें ठेवीत नव्हतें, तेंच ग्रंथावर व अभ्यासकाच्या नेमणुकीवर खर्च होऊं लागतांच त्याचें फळ दिसलें. रक्कम तर पूर्वीहून पुष्कळच कमी होती.

यात्रेस उत्पन्नाची बाब मानल्यानें काय होतें याचें एक उदाहरण जगन्नाथपुरीचें आहे. ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यांत होता तेव्हां पुरीस यात्रेकरूंवर कर होता. १८०३ सालीं तो प्रांत इंग्रजांकडे गेल्यावर कंपनीनेंही १८०६ पासून तो कर व्यवस्थितपणें बसविला. गयेस व प्रयागासही असाच कर होता. शेवटीं मिशनरी लोकांनीं विलायतेंत गिल्ला केल्यामुळें १८४० च्या कायद्यानें तो उठला. त्यांचा आक्षेप धर्माचा होता आणि आम्हांस तो मान्य नाहीं. पण सरकार एकदां यात्रेचें भागीदार झालें म्हणजे देवळाची व्यवस्था व वसुलीची व्यवस्था यांतील रेघ पुसट होते, एवढें त्या प्रकरणावरून शिकण्यासारखें आहे.

प्रस्तुत काळांतील उदाहरणांत अजिंठ्याचें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे, आणि त्याची पूर्वपीठिका जरा लांबून सांगणें भाग आहे. १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जें मोठें प्रदर्शन भरलें तें प्रेक्षणीय स्थळांच्या इतिहासांत आद्य म्हणावें लागेल. सुमारें साठ लाख तिकिटें गेलीं आणि १,८६,००० पौंडांची शिल्लक उरली. ही शिल्लक नेहमीं सांगतात. तें प्रदर्शन सरकारी तिजोरींतून नव्हे, लोकांच्या वर्गणींतून व धनिकांच्या हमीवर उभारलें होतें, हें मात्र सांगत नाहींत. त्यांतील कांचेचा महाल पुढें एका खाजगी कंपनीनें सिडनहॅम येथें नेऊन उभा केला. शिलकेंतून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेण्यांत येऊन तेथें संग्रहालयें झालीं. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून अजिंठ्यास राहून चित्रांच्या ज्या नकला केल्या त्यांपैकीं बहुतेक सिडनहॅमच्या त्या महालांत मांडल्या होत्या. १८६६ च्या आगींत त्या जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून पुन्हां नकला करविल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ च्या आगींत साउथ केन्सिंग्टन येथें गेल्या. प्रेक्षकांस दाखविण्यासाठीं दूर नेलेली प्रत दोनदां नष्ट झाली, आणि डोंगरांतलें मूळ राहिलें.

मूळही निर्धास्त नव्हतें. निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणवून चित्रांची निगा करविली. हेतु उत्तम होता; पण त्यांनीं दिलेला लाखेचा रोगण पुढें काळवंडला आणि तो काढण्याचें काम पुरातत्त्व खात्यास वर्षानुवर्षें पुरलें. सांभाळ ही एकदां करून मोकळें होण्याची गोष्ट नाहीं, याचा हा पुरावा.

अशा या स्थळीं १९९२ पासून जपान सरकारच्या कर्जसाह्यानें 'अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास' हा प्रकल्प चालला. पहिल्या टप्प्याचें कर्ज सुमारें ३७५ कोटी येन, आणि २००३ सालीं ठरलेल्या दुसऱ्याचें सुमारें ७३३ कोटी येन. यांतून लेण्यांची डागडुजी, वृक्षलागवड, रस्ते, पाणीपुरवठा, औरंगाबादचा (आतां छत्रपति संभाजीनगर) विमानतळ इत्यादि कामें झालीं. त्यांत एक अल्पखर्चाची व्यवस्था अशी कीं, प्रवाशांच्या मोटारी फर्दापूरच्या फांट्यावर थांबवून पुढचे चारेक किलोमीटर सरकारी गाड्यांतून न्यावयाचें. त्यामुळें लेण्यांच्या तोंडाशीं होणारा धूर व गोंगाट थांबला. ही व्यवस्था आम्हांस सर्व प्रकल्पांत शहाणपणाची वाटते. याच प्रकल्पांत फांट्याजवळ एक मोठें अभ्यागत केंद्र उभें राहिलें व २०१३ सालीं उघडलें. लेणीं क्रमांक १, २, १६ व १७ यांच्या पूर्णाकृति प्रतिकृति त्यांत केल्या होत्या. मूळ चित्रांवरील श्वासोच्छ्वासाचा भार हलका व्हावा ही त्यांतील कल्पना निःसंशय चांगली होती. परंतु थोड्याच वर्षांत विजेचीं व पाण्याचीं बिलें थकलीं आणि केंद्र बंद पडलें. वेरूळच्या केंद्राचीही तीच गत झाली.

बांधण्यास परदेशांतून कर्ज मिळालें. दिवा लावण्यास गांवांत पैसा मिळाला नाहीं. जुन्या सनदा ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस हा प्रकार चमत्कारिक वाटेल. देवस्थानास इनाम देतांना आपल्याकडील राज्यकर्ते देवळाच्या भिंतींपेक्षां दिवाबत्ती, पूजा-नैवेद्य, झाडलोट, चौघडा यांचीच तजवीज आधीं पाहत. त्यासाठीं अमुक गांवची अमुक जमीन, तिच्या चतुःसीमा, आणि दरसाल नवें पत्र मागूं नये अशी ताकीद, असा तो सगळा कागद असे. बांधकामाचा खर्च एखाद्या सरदारानें हौसेनें केला तरी नेमणुकीवांचून देऊळ चालत नाहीं हें त्यांस पक्कें माहीत होतें. आजच्या अंदाजपत्रकाची घडण याच्या उलट आहे. बांधकाम भांडवली खर्चांत पडतें, त्याचें उद्घाटन होतें, पाटी लागते. झाडूवाला आवर्तक खर्चांत पडतो, आणि काटकसरीची वेळ आली कीं आधीं तोच कमी होतो.

परदेशांतील उदाहरणांत बिल्बावचें नांव या वादांत सर्वप्रथम घेतलें जातें. स्पेनमधील त्या पोलादाच्या व जहाजांच्या जुन्या नगरांत बास्क सरकारच्या पैशानें १९९७ सालीं गुगेनहाइम संग्रहालय उघडलें आणि पहिल्याच वर्षीं तेरा लाखांच्या आसपास लोक आले. यावरून एका इमारतीनें नगर तरतें असा सिद्धांत निघाला. त्याच सुमारास तेथें नदी स्वच्छ झाली, बंदर समुद्राकडे हलविलें गेलें, १९९५ सालीं भुयारी रेल्वे सुरू झाली, या गोष्टी त्या सिद्धांतांतून गळतात. लंडनच्या २००० सालच्या सहस्रक घुमटाची गोष्ट तर कोणी सांगतच नाहीं. सोडतीच्या निधींतून सहा अब्जांहून अधिक रुपयांच्या नव्हे, ६२ कोटी ८० लक्ष पौंडांच्या देणग्या त्यांत गेल्या, एक कोटी वीस लक्ष लोक येतील असा अदमास होता, आले सुमारें पासष्ट लक्ष.

याहून अधिक विचारणीय असें उदाहरण स्पेनच्याच गॅलिशिया प्रांताचें आहे, आणि पंढरीची वाट ज्यांस परिचित आहे त्यांस तें विशेष समजेल. सांतियागो दे कोम्पोस्तेला हें संत याकोबाचें समाधिस्थान. मध्ययुगांत सर्व यूरोपांतून लोक तेथें पायीं येत. विसाव्या शतकांत ही वारी जवळजवळ मोडली होती. १९९० सालीं पांच हजारांहून कमी लोकांनीं वाट पुरी केल्याचें प्रमाणपत्र घेतलें. १९९३ हें तेथील पर्ववर्ष होतें. त्या निमित्तानें प्रांतिक सरकारनें वाटेवर खुणा लावल्या, पायवाटा दुरुस्त केल्या आणि ठिकठिकाणीं अल्प दराच्या धर्मशाळा उघडल्या. त्या वर्षीं प्रमाणपत्रें ९९ हजारांवर गेलीं. पर्व संपल्यावर संख्या उतरली, पण पूर्वीच्या पातळीवर ती कधींच गेली नाहीं. २०१९ सालीं ती सुमारें ३ लाख ४७ हजार होती. चालणारा माणूस दररोज नव्या गांवीं मुक्काम करतो. त्याचा पैसा एका तिकीटघरांत न सांचतां वाटेवरच्या खेड्याखेड्यांतील भटारखान्यांत, चांभाराकडे व दुकानांत पडतो.

त्याच सरकारनें त्याच नगराबाहेर गायास टेकडीवर 'संस्कृतिनगर' बांधावयास काढलें. बिल्बावची कीर्ति डोळ्यांपुढें होती. १९९९ सालीं स्पर्धा होऊन अमेरिकन वास्तुविशारद पीटर आयझनमन यांचा नकाशा पसंत झाला. मूळ अंदाज सुमारें १० कोटी ८० लक्ष युरोंचा, खर्च तीस कोटींच्या घरांत. आणि २०१३ सालीं उरलेल्या दोन इमारती न बांधण्याचें ठरून काम थांबलें. एकाच प्रांतांत, एकाच पिढींत, वाटेवर घातलेला थोडा पैसा फळला आणि टेकडीवर घातलेला पुष्कळ पैसा रुतला. संस्कृतिनगरांत २०११ सालीं सर्वप्रथम उघडल्या त्या इमारती ग्रंथालय व दप्तरखाना यांच्या होत्या, हें आमच्या वाचकांस मौजेचें वाटेल. आणि दप्तरखान्यास प्रेक्षक किती आले हें तेथेंही कोणी विचारीत नसावें.

या सर्वांमागें हिशेबाचें एक सूत्र आहे तें थोडक्यांत सांगतों. रायगडास गेलेल्या पुणेकरानें महाडांत जेवणावर घातलेला रुपया हा महाडची प्राप्ति खरी, पण तो तेथें गेला नसता तर तोच रुपया पुण्यांत अन्य करमणुकीवर पडला असता. महाडास लाभ, पुण्यास तितकीच तूट. राज्याच्या खात्यावर शून्य. राज्याच्या संपत्तींत भर पडते ती बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या पैशानें, आणि त्यांतूनही जें सिमेंट, यंत्रें, ठेकेदार बाहेरचे असतील तितकें वजा जातें. मागासलेल्या तालुक्यास मुद्दाम लाभ द्यावयाचा असेल तर ही अदलाबदल न्याय्यही असूं शकेल. तसें असल्यास तसें म्हणावें. नवी संपत्ति निर्माण होते असें म्हणूं नये. उलट पक्षीं, किल्ल्याच्या मालकानें दारावर तिकीट लावून सर्व लाभ वसूल करणें शक्य नसतें. खालच्या खानावळीचा नफा त्यास मिळत नाहीं, आणि पुढच्या पिढीकडून तर आज कांहींच घेतां येत नाहीं. म्हणून खाजगी माणूस हा खर्च करणार नाहीं आणि सरकारनें तो करावा, हा मुद्दा पूर्ण सबळ आहे. पण तो रक्षणाचा मुद्दा आहे, रोजगाराचा नाहीं. प्रवासी एकही आला नाहीं तरी साल्हेरचा तट ढासळूं देऊं नये, हें आपलें म्हणणें असलें पाहिजे.

तसें तें नसलें तर त्याची झळ प्रथम कोणास लागेल हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या न्यायानें किल्ल्यास द्रव्य मिळेल, त्या न्यायानें रुमालास कवडी मिळणार नाहीं. मोडी कागद पाहावयास बसगाड्या येत नाहींत. मुंबई सरकारनें १९३० पासून १९३४ पर्यंत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडून पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढविले, तो काळ जागतिक मंदीचा होता. तरी त्या खर्चानें पुण्यास किती पाहुणे येतील असा प्रश्न निघाला नाहीं, आणि निघाला असता तर उत्तर देतां आलें नसतें. वर ज्या अर्थशास्त्राचा आधार घेतला, त्याची पोथी म्हैसूर दरबारनें १८९१ सालीं स्थापिलेल्या प्राच्य ग्रंथालयांत तंजावर प्रांतांतील एका पंडितानें आणून दिली. १९०५ सालीं ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं ती ओळखली व १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला. चौदा वर्षें त्या ग्रंथालयाचा खर्च तिकिटांच्या विक्रीवर मोजला असता तर पोथी ठेवावयास कपाट राहिलें नसतें.

दुसरी बाजू व्यवहाराची आहे. कागदांवांचून किल्ल्याची दुरुस्ती करणें म्हणजे अंधारांत गवंडीकाम होय. कोणती भिंत शिवकालीन, कोणती पेशवाईंत चढविलेली, अंबारखाना कोठें, सदर कोठें, पाण्याचें टांकें कोणत्या सालीं उपसलें, हें दगड सहसा सांगत नाहीं. तें जाबत्यांत, हवालदाराच्या पत्रांत व कारखानिसाच्या हिशेबांत असतें. बारा किल्ल्यांपैकीं आठ केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे चार राज्याच्या संचालनालयाकडे. यांपैकीं कोणत्याही किल्ल्यावर बांधकाम मंजूर होण्यापूर्वीं त्याच्याविषयींच्या कागदांची यादी व वाचन पुरें व्हावें, आणि मंजूर रकमेबरोबरच पुढील दरसालच्या सांभाळाची नेमणूक त्याच ठरावांत लिहिली जावी, अशी मागणी इतिहासमंडळांनीं एकमुखानें करावी असें आम्हांस वाटतें. नेमणुकीची तजवीज नसेल तर बांधकाम न झालेलें बरें.

हें काम आवाक्याबाहेरचें नाहीं. रायगड १७७३ सालीं पेशव्यांकडे आला आणि १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं जळाला; या पंचेचाळीस वर्षांतील त्याच्या बंदोबस्ताचे व दुरुस्तीचे कागद पेशवे दप्तरांत राहिले, आणि शां. वि. आवळसकर यांनीं त्यांवरून 'रायगडची जीवनकथा' सिद्ध केली. एका अभ्यासकानें रुमाल सोडून, धूळ झटकून, ओळ न् ओळ लावून हें केलें. उरलेल्या किल्ल्यांसाठीं मोडी वाचणारीं चार-सहा माणसें, त्यांच्या तीन-चार वर्षांच्या पगाराची तजवीज, कांहीं मेजें, आणि पावसाळ्यांत न गळणारें छप्पर इतकी सामग्री पुरेल.